नायिकेनंतरची चाळीस वर्षं : आशालता वाबगावकर



आशालता वाबगावकर जन्मल्या गोव्यात, वाढल्या मुंबईत, आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी गेल्या साताऱ्यात. टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्या इथे आल्या होत्या. करोनाची लागण झाली आणि वयाच्या ७९व्या वर्षी साताऱ्यातल्याच रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव निघालं की मराठी माणूस चटकन दोनच गोष्टी सांगतो : 'मत्स्यगंधा' आणि करोना. म्हणजे १९६४ आणि २०२०. मग मधल्या काळाचं काय? शंभराहून अधिक हिंदी-मराठी चित्रपट, पुढे मालिका, हे सगळं कुठे गेलं? नायिकेची भूमिका संपली की नटीची कारकीर्दही संपली, असा आपला एक आळशी हिशोब असतो. आशालताबाईंचा हिशोब नेमका उलटा आहे. त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा नायिकापद सुटल्यानंतरचा आहे, आणि आजचं विवेचन मुख्यतः त्या हिश्श्यासाठी आहे. पण सुरुवात रंगभूमीपासूनच करायला हवी, कारण पुढची सगळी शिदोरी तिथलीच.

बालपण गोव्याच्या संस्कारांत, शाळा मुंबईत गावदेवीच्या सेंट कोलंबा हायस्कूलमध्ये. गोव्यात पोर्तुगीज राजवट असतानाच कितीतरी गोमंतकीय घरं गिरगाव-गावदेवीच्या चाळींत येऊन स्थिरावली होती, आणि येताना त्यांनी देव, मासे आणि गाणं या तीन गोष्टी सोबत आणल्या होत्या. आशालताबाईंकडे गाणं आलं ते असं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्या कोकणी गाणी गात. शिक्षण चालू असताना मंत्रालयात, म्हणजे तेव्हाच्या सचिवालयात, काही काळ अर्धवेळ नोकरी केली. नोकरी सांभाळून पदवी मिळवली, पुढे नाथीबाई ठाकरसी विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केलं. त्या काळी नाटकात येणाऱ्या मुलींमध्ये असं शिक्षण अपवादानेच आढळे. अर्थात मानसशास्त्र शिकल्यामुळे अभिनय चांगला झाला, असं सोपं गणित कुणी मांडू नये. एवढं खरं की पोटासाठी नाटकावर अवलंबून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. नाटक त्यांनी आवडीने निवडलं.

त्यांना रंगमंचावर आणलं ते मुंबईच्या 'द गोवा हिंदू असोसिएशन'ने. १९१९ साली स्थापन झालेली ही गोमंतकीयांची संस्था. तिच्या कलाविभागाने पुढे मराठी रंगभूमीवर जी कामगिरी केली, ती भल्या भल्या धंदेवाईक कंपन्यांना जमली नाही. गोपीनाथ सावकारांसारखे कसून तालीम घेणारे नाट्यशिक्षक तिथे होते. आशालताबाईंची पहिली महत्त्वाची भूमिका याच संस्थेच्या 'संगीत संशयकल्लोळ'मधली : रेवती.

इथे सांगलीकरांनी कान टवकारायला हरकत नाही. 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे आपल्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि पूर्वी जिथे हळदीची पेवं असत ते हरिपूर. देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं होतं. पदं घालून ते १९१६ साली 'संशयकल्लोळ' म्हणून उभं राहिलं, आणि त्याच वर्षी देवल गेले. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या अशी महिन्या-नक्षत्रांची नावं धारण करणारी ही मंडळी एका तसबिरीपायी एकमेकांवर संशय घेत सुटतात. सगळं नाटक हसतं-खेळतं. पण रेवती सोपी आहे का? मुळीच नाही. ती नायकिणीच्या घरातली मुलगी. अश्विनशेटवर प्रेम आहे, आणि आपल्या घराण्यामुळे आपल्यावर संशय घेणं लोकांना किती सोपं आहे, याची जाणीवही आहे. तिचा रुसवा लटका असावा लागतो आणि त्याखालचा अपमान खरा. गाणंही असं हवं, की पद चालू असताना भांडण थांबलंय असं वाटता कामा नये. बालगंधर्वांनी गाजवलेली ही भूमिका नव्या मुलीच्या हातात देणं हा एक जुगारच होता. तो फळला, आणि संस्थेला एक गायिका-नटी मिळाली.

मग आलं 'मत्स्यगंधा'. १ मे १९६४ हा पहिल्या प्रयोगाचा दिवस. नाटककार वसंत कानेटकर. कानेटकर नाशिकचे, असं सर्रास म्हटलं जातं, कारण त्यांनी प्राध्यापकी तिथे केली. पण जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा, १९२० सालचा, आणि शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात. त्यांचे वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. तेही मूळचे साताऱ्याचे, आणि विलिंग्डनमध्ये मराठीचे प्राध्यापक. म्हणजे पाहा, या गोमंतकीय मुलीला घडवणाऱ्या दोन भूमिकांपैकी एक आली हरिपूरच्या लेखणीतून आणि दुसरी रहिमतपूरच्या. कृष्णाकाठाने लिहावं आणि गोव्याने गावं, ही वाटणी मराठी संगीत नाटकात तशी जुनीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून या भागाने रंगभूमीला शब्द पुरवले. सूर मात्र पुष्कळदा दक्षिणेकडून आले.

'मत्स्यगंधा'चे संगीतकार जितेंद्र अभिषेकी तर थेट मंगेशीचे. नाटकाला संगीत देण्याची त्यांची ही पहिलीच खेप. आज हे नाव उच्चारताना आदराने मान लवते. १९६४ साली मात्र संगीत नाटक नुकतं कुठे पुन्हा उभं राहत होतं. पन्नाशीच्या दशकात त्याची रया गेली होती. १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला' यांनी प्रेक्षक परत आणला. पण ती नाटकं गायकीच्या जुन्या वळणाची. अभिषेकींनी वेगळं काय केलं? त्यांनी पद आखूड केलं. ताना-आलापांचा पसारा आवरला. चाल अशी बांधली की पात्राच्या मनात त्या क्षणी जे चाललं आहे, तेच सुरांत यावं, आणि पद संपलं की संवाद न अडखळता पुढे जावा. याचा थेट फायदा आशालताबाईंसारख्या नटीला झाला. वर्षानुवर्षं घराण्याची तालीम घेतलेली ती गवई नव्हती. तिच्याकडे गोड, स्वच्छ, शब्द नीट पोचवणारा गळा होता. अभिषेकींच्या चालींना हवा होता तो तसाच. रामदास कामतांचा भरदार, चढा आवाज एका बाजूला आणि आशालताबाईंचं हळुवार गाणं दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी होती. पदंही कानेटकरांनी स्वतःच लिहिली होती, त्यामुळे गद्य आणि पद्य एकाच हाताचं राहिलं.

सत्यवतीच्या भूमिकेकडे जरा जवळून पाहू. एका कोळ्याची मुलगी नाव वल्हवते. पराशर ऋषी तिला भेटतो, आणि तिला सोडूनही जातो. मग तिच्या दारात राजा शंतनू येतो. आता ती भोळी राहिलेली नाही. अट घालते : माझ्याच मुलांना राज्य मिळालं पाहिजे. त्या अटीपायी देवव्रताला आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करावी लागते आणि तो भीष्म होतो. पुढे सत्यवती राजमाता होते, आणि जी अट घातली तिचीच फळं भोगते. थोडक्यात, तेविशीच्या आसपासच्या नटीने एका प्रयोगात अल्लड मुलगी, दुखावलेली प्रेयसी, हिशेबी राणी आणि पश्चात्तापदग्ध वृद्धा अशी वाट चालायची. सुरुवातीच्या पदांत रानावनाचा मोकळेपणा आहे. पुढच्या पदात सगळ्या कलहाकडे पाठ फिरवणाऱ्या बाईचा थकवा आहे. गळा तोच, पण वय वेगळं ऐकू आलं पाहिजे. ते तसं आलं म्हणून ती पदं ध्वनिमुद्रिकांतून घराघरांत गेली, आणि ज्यांनी नाटक कधी पाहिलं नाही, त्यांनाही सत्यवती ठाऊक झाली.

इथे एक गोष्ट सहसा सुटते. पुढे आयुष्यभर आशालताबाईंनी आया, सासवा, आज्या केल्या, त्याचा सराव इथेच झाला होता. म्हातारपण रंगवायला त्या तरुणपणीच शिकल्या होत्या. नायिकेचं वय सरल्यावर अनेक नटींना जे नव्याने शिकावं लागतं, ते यांच्या गाठीशी आधीपासून होतं.

'मत्स्यगंधा'नंतरही त्या रंगभूमीवर बराच काळ होत्या. 'गारंबीचा बापू', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'गुंतता हृदय हे' ही त्यांतली ठळक नाटकं. संगीत आणि गद्य दोन्हींत त्यांचा वावर होता. गद्यात वावर असणं महत्त्वाचं, कारण नुसत्या गाण्यावर जगणाऱ्या नटीला सिनेमाने कधी फार काळ पोसलं नाही.

आता दुसरा टप्पा. १९८० साली बासू चटर्जींचा 'अपने पराये' आला. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'निष्कृती' या कथेवरचा. बासूदांचा सिनेमा मध्यमवर्गाचा, आणि हा मध्यमवर्ग ते पुष्कळदा मराठी रंगभूमीवरून उचलून आणत. अमोल पालेकर तर होतेच. याच चित्रपटात माणिक वर्मांची कन्या भारती आचरेकरही होत्या. शबाना आझमी, गिरीश कर्नाड, उत्पल दत्त असा बाकीचा संच. आशालताबाईंकडे आली सिद्धेश्वरी : एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ, उत्पल दत्तांची बायको.

या भूमिकेत काय आहे? वरवर पाहिलं तर काहीच नाही. मोठं भाषण नाही, गाणं नाही, सूड नाही. सिद्धेश्वरी मनाने मायाळू आहे आणि कानाने हलकी. धाकट्या जावेवर तिचा जीव आहे. सगळा संसार तिच्या हाती सोपवून ती निर्धास्त आहे. मग मधली जाऊ येते, एकेक गोष्ट कानात घालते, आणि या भल्या बाईचं मन हळूहळू कलुषित होतं. ती खलनायिका झाली तर कथा कोसळते, आणि निव्वळ बिचारी राहिली तरी कोसळते. प्रेक्षकाला तिचा राग यायला हवा आणि त्याच क्षणी तिची कीवही वाटायला हवी. आशालताबाईंनी हे आवाज न चढवता केलं. ज्या बाईने पंधरा वर्षं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवला, तिने कॅमेऱ्यासमोर आपला आवाज इतका खाली आणावा, ही साधी गोष्ट नाही. रंगभूमीवरची कितीतरी मोठी माणसं इथेच फसली. पडद्यावर ती बोलत राहिली आणि प्रेक्षक त्यांचे शब्द ऐकत राहिला, माणूस दिसलाच नाही.

या भूमिकेसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत त्यांचं नाव आलं. हिंदीचं दार उघडलं, पण कोणत्या खोलीचं? आईच्या. हिंदी सिनेमातली आई हे एक स्वतंत्र खातंच आहे. १९८० च्या आसपास ते निरुपा रॉय यांच्या नावावर चढलेलं होतं, आणि त्यात मराठी नटींचाही वाटा मोठा : ललिता पवार, सुलोचनादीदी, दुर्गा खोटे. आशालताबाई या रांगेत उशिरा आल्या आणि चाळिशीतच आल्या. 'वो सात दिन', 'अंकुश' अशा चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या. एन. चंद्रांचा १९८६ चा 'अंकुश' मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यानंतरच्या बेकार पोरांचा. त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते.

खरं बोलायचं तर या शंभरेक चित्रपटांतल्या पुष्कळ भूमिका विसरण्याजोग्याच आहेत. देवघरापुढे हात जोडणं, दाराशी वाट पाहणं, इस्पितळाच्या बाकावर डोळे पुसणं. यात अभिनेत्रीला जागा किती? पण चरित्र अभिनेत्रीचा धंदा असाच असतो. दहा कामांतून एक मनासारखं. बाकीची नऊ नीट, वेळेवर, दिग्दर्शकाला त्रास न देता केली, तरच ते दहावं वाट्याला येतं. त्यांच्या वाट्याला असं आलेलं काम म्हणजे जब्बार पटेलांचा 'उंबरठा'.

१९८२ सालचा हा चित्रपट स्मिता पाटीलचा, आणि तो तिचाच राहायला हवा. शांता निसळांची कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा. सुलभा महाजन घराचा उंबरठा ओलांडून महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि तिची लहान मुलगी घरी राहते. राहते कुणाजवळ? जावेजवळ. ही जाऊ माया, म्हणजे आशालताबाई. तिला स्वतःचं मूल नाही. सुलभाची मुलगी तिच्या अंगाखांद्यावर वाढते. ही बाई सुलभाच्या विरोधात नाही. ती प्रेमळच आहे. पण तिच्या प्रेमामुळेच सुलभाची परतीची वाट अरुंद होत जाते. दुष्ट जाऊ दाखवली असती तर प्रेक्षकाचं काम सोपं झालं असतं. तेंडुलकर आणि पटेल यांनी ते सोपं केलं नाही आणि आशालताबाईंनीही केलं नाही. 'अपने पराये'ची सिद्धेश्वरी आणि 'उंबरठा'ची माया या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघी जावा, दोघी घरातल्याच, दोघी भल्या. आणि दोघींच्या भलेपणामुळे दुसऱ्या कुणाचं तरी घर हलतं. घरातल्या चांगल्या बाईचा काच दाखवणं हे त्यांचं खास बलस्थान होतं. गंमत अशी की त्यांना 'सोज्वळ आई' म्हणून ओळखणाऱ्यांच्या हे ध्यानातच आलं नाही.

या सगळ्यात गाणं मात्र मागे पडलं. सिनेमात पार्श्वगायन असतं, आणि आईला तर गाणंही क्वचितच मिळतं. ज्या गळ्यामुळे त्या नटी झाल्या, तो पुढच्या व्यवसायात बिनकामाचा ठरला. ही खंत म्हणावी की व्यवहार? 'गर्द सभोवती' हे आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव त्यांनी 'मत्स्यगंधा'तल्या गाजलेल्या पदावरून घेतलं. शंभर चित्रपटांपैकी एकाचंही नाव त्यांना पुस्तकासाठी सुचलं नाही, एवढं पुरे.

तिसरा टप्पा टीव्हीचा. डेली सोप हा प्रकार बाहेरून ऐषारामाचा दिसतो. आतून तो कारखाना आहे. रोज एक भाग प्रक्षेपित होतो, म्हणजे रोज किमान तेवढं फुटेज हातात पडलं पाहिजे. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, संपली की सगळ्यांची धावपळ. कॉल टाइम सकाळचा, पॅकअपचा नेम नाही. संवाद कधी कधी सेटवरच हातात पडतात. अशा ठिकाणी जुन्या रंगभूमीवरचा नट सोन्यासारखा. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, रीटेक कमी. मालिकांमध्ये आजी-आजोबांच्या भूमिकांत नाटकवाली मंडळी इतकी का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे. चॅनेलला घरातलं मोठं माणूस हवं असतं आणि निर्मात्याला वेळ वाचवणारं. आशालताबाई दोन्ही होत्या.

आणि हे सगळं साताऱ्यात कसं आलं? वाई-मेणवलीचे घाट, वाडे, कृष्णेचं पात्र सिनेमावाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. 'स्वदेस' इथला, 'गंगाजल' इथला, 'दबंग'सुद्धा. उत्तर प्रदेश असो की बिहार, आपल्या वाईने सगळं दाखवून झालंय. पुढे मराठी मालिकाही मुंबईचे स्टुडिओ सोडून इकडे सरकल्या. 'लागिरं झालं जी'ने सातारी बोली आणि फौजी घरं महाराष्ट्रभर पोचवली. जागा मोकळी, खर्च कमी, आणि स्थानिक कलाकारांना काम.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे चित्रीकरणं बंद पडली. मेअखेरीस राज्य सरकारने नियमावली काढून ती पुन्हा सुरू करायची वाट मोकळी केली. पण त्यात एक अट होती : ६५ वर्षांवरील कलाकार आणि कर्मचाऱ्यांना सेटवर बंदी. हेतू संरक्षणाचा होता. पण ज्यांचं पोट रोजच्या कामावर, त्या वयस्कर कलाकारांनी काय करायचं? दुकानं उघडताना, इतर धंदे सुरू होताना ही वयाची अट नव्हती, मग सिनेमालाच का? एका ज्येष्ठ कलाकाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ही अट भेदभाव करणारी म्हणून रद्द केली. निकाल न्याय्यच होता. वय झालं म्हणून कुणाचा कामाचा हक्क काढून घेता येत नाही. पण हक्क मिळाला म्हणून धोका कमी झाला नव्हता, हेही तेवढंच खरं. लस अजून यायची होती.

सोनी मराठीवर 'आई माझी काळूबाई' ही मालिका त्याच सप्टेंबरात सुरू झाली. विषय मांढरदेवीच्या काळूबाईचा, म्हणजे वाई तालुक्यातलाच. चित्रीकरण सातारा जिल्ह्यात. अलका कुबल त्यात होत्या, निर्मितीही त्यांचीच. त्यांचा आणि आशालताबाईंचा स्नेह जुना. युनिटमधल्या विसाहून अधिक जणांना लागण झाली, त्यांत आशालताबाईही होत्या. चारपाच दिवसांत सगळं संपलं. त्या काळच्या नियमांनुसार पार्थिव मुंबईला नेता आलं नाही आणि अंत्यसंस्कार साताऱ्यातच झाले.

लोक विचारतात, या वयात कशाला यायचं होतं? हा प्रश्न सहानुभूतीचा वाटतो, पण तो मुळात चुकीचा आहे. त्या काम करत होत्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा वकील कोर्टात गेला, वैद्य दवाखान्यात बसला, तर आपण कौतुक करतो. नटीने मात्र घरी बसून जुने फोटो पाहावेत, अशी अपेक्षा का? नाटकाच्या दौऱ्यांवर एसटीने आणि बसने आडगावी जाऊन प्रयोग करणाऱ्या पिढीतल्या त्या होत्या. साताऱ्याचं आउटडोअर त्यांच्या लेखी त्याच दौऱ्यांच्या मालिकेतलं आणखी एक.

त्यांचं काम आज कुठे सापडतं, हे सांगून हा विषय संपवता येईल. 'मत्स्यगंधा'ची पदं ध्वनिमुद्रिकांवर आहेत आणि सहज मिळतात. ती आधी ऐकावीत, मग 'अपने पराये' पाहावा, आणि त्यानंतर 'उंबरठा', पण या वेळी नजर सुलभाऐवजी मायावर ठेवून. 'गर्द सभोवती' सगळ्यात शेवटी वाचायला घ्यावं. तोवर त्या पुस्तकात येणारी माणसं, म्हणजे सावकार, अभिषेकी, कानेटकर, बासूदा, वाचकाच्या ओळखीची झालेली असतील.